धनुष्य परवडते कोणाला?

मराठी रंगभूमीचा आरंभ सांगलीत झाला आणि तो एका धनुष्याच्या कथेने झाला. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ सादर केले, हे आपण वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. त्या खेळातील सूत्रधार, विदूषक, पदे, राक्षसांची सोंगे यांवर नाट्येतिहासात पुष्कळ चर्चा आहे. परंतु ज्या वस्तूभोवती ते कथानक फिरते, त्या वस्तूकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. ते धनुष्य कोणाचे, ते उचलायचे कोणी, ते पेलण्याची पात्रता कशी ठरवायची, एवढेच प्रश्न कथेत आहेत. त्याची किंमत किती, हा प्रश्न तेथे संभवतच नाही.

एकंदर आपल्या परंपरेतच धनुष्य कोणी विकत घेत नाही. जनकाकडचे धनुष्य शिवाचे. अर्जुनाला गांडीव मिळते ते खांडववनाच्या प्रसंगी, वरुणाकडून. अरण्यकांडात रामाला अगस्त्य धनुष्य देतात. शस्त्र वर म्हणून येते, ठेव म्हणून येते, वारसा म्हणून येते. घेणाऱ्याचे कुळ आणि बळ पाहिले जाते. त्याच्या खिशाची चौकशी होत नाही. ग. दि. माडगूळकर यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील शेटफळे गावचा. १९५५-५६ या वर्षात त्यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचले, तेव्हाही मराठी श्रोत्याच्या मनातील धनुष्य असेच होते : दिव्य, जड आणि बाजारापासून दूर.

याच दोन जिल्ह्यांत आज धनुष्य ही विकत घ्यायची वस्तू झाली आहे, आणि ती बरीच महाग वस्तू आहे. या लेखाचा विषय तोच आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. साताऱ्याजवळच्या शेरेवाडी गावची अदिती स्वामी हिने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाऊंड प्रकाराचे वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात तिने मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९–१४७ असे हरवले. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे, उसाच्या रानाशेजारी उभ्या राहिलेल्या मैदानावर तयार झालेले. पुढे दोनच महिन्यांत हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत कंपाऊंड प्रकारातील पाचही सुवर्णपदके भारताकडे आली. अदितीला तेथे सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य मिळाले. २०२३ च्या अर्जुन पुरस्कारांत दोघांचीही नावे होती. अदितीचे वडील गणिताचे शिक्षक. मुलीचे साहित्य घेण्यासाठी त्यांना कर्ज काढावे लागले, हे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. वृत्तपत्रांनी ते त्यागाची कथा म्हणून छापले. आम्हांला त्यात अर्थव्यवहाराची कथाही दिसते.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक साताऱ्यात शिकवतो, एक सांगलीत. धनुर्विद्या हा आमचा विषय नव्हे. तथापि बर्लिननंतर आमच्या महाविद्यालयांतील मुले-मुली आणि त्यांचे पालक निरनिराळ्या निमित्तांनी एकच प्रश्न विचारू लागले : ‘सर, स्वस्तातले पण चांगले कंपाऊंड धनुष्य कोणते?’ ते आम्हांला विचारतात, कारण उत्तर शोधायला गेले की समोर येणारा मजकूर इंग्रजीत असतो आणि त्यांना तो कोणीतरी समजावून द्यावा लागतो. आम्ही तो वाचला, जाणकारांशी बोललो, मैदानावर जाऊन पाहिले. तेव्हा ध्यानात आले की हा मजकूर बहुतांशी अमेरिकेतील शिकाऱ्यांसाठी लिहिलेला आहे. ‘शिकारीसाठी परवडणारे धनुष्य’ हा त्याचा विषय, हरीण हे त्याचे लक्ष्य. खटाव किंवा तासगाव तालुक्यातील विद्यार्थिनी त्या मजकुरात कोठेच नाही. तरी तिच्या वडिलांचे पैसे त्याच्याच सल्ल्याने खर्च होऊ लागले आहेत. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार व्हावा असे आम्हांला वाटते.

कंपाऊंड धनुष्याचे मूळच शिकारीत आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन या धनुर्धारी शिकाऱ्याने साध्या धनुष्याच्या टोकांना चाके बसवून पाहिली. १९६६ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्याला मिळाले. दोरीचा आवाज हरणाच्या कानी पडून ते हलण्याच्या आत बाण पोहोचावा, एवढी त्याची गरज होती. चाकांच्या, म्हणजे आज ज्यांना ‘कॅम’ म्हणतात त्यांच्या, लंबवर्तुळासारख्या विषम आकारामुळे दोरी ओढताना ताण आधी वाढतो आणि पूर्ण ओढ झाली की एकदम उतरतो. या उताराला ‘लेट-ऑफ’ म्हणतात. तो आजच्या धनुष्यांत साधारण ६५ ते ८५ टक्के असतो. याचा अर्थ असा की ५० पौंडांचे धनुष्य ७० टक्के उताराने पूर्ण ओढून धरले, तर बोटांवर राहणारा भार फक्त १५ पौंडांचा. शिकाऱ्याला हरीण नेमके समोर येईपर्यंत थांबता यावे म्हणून ही सोय. खेळाडूला ती नेम स्थिरावण्यासाठी उपयोगी पडली. १९९५ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आणि २०१४ पासून आशियाई स्पर्धांत हा प्रकार आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक स्पर्धेच्या रूपाने तो प्रथमच येणार आहे.

मूळ एक असले तरी शिकारीचे धनुष्य आणि मैदानावरचे धनुष्य यांच्या गरजा वेगळ्या आहेत. शिकाऱ्याला झाडीतून वावरायचे असते, म्हणून त्याचे धनुष्य आखूड असते. एका चाकाच्या आसापासून दुसऱ्याच्या आसापर्यंत ते साधारण २८ ते ३३ इंच भरते. त्याला एकच बाण, तोही वेगाने, मारायचा असतो. खेळाडूला पात्रता फेरीत ७२ बाण मारायचे असतात, तेही ५० मीटरवरच्या ८० सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर. त्यातील दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटरचे. त्याला वेगापेक्षा स्थैर्य हवे असते, म्हणून त्याचे धनुष्य लांब, साधारण ३६ ते ४० इंचांचे असते. आखूड धनुष्यात हाताची बारीकशी चूकही बाणाबरोबर जाते. लांब धनुष्य ती काही अंशी पोटात घालते. शिकारीच्या जाहिरातीत ७० पौंडांचा ताण अभिमानाने सांगितलेला असतो, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कंपाऊंड खेळाडूला ६० पौंडांपेक्षा अधिक ताण वापरता येत नाही. म्हणजे ज्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायचे, तो आकडा मैदानावर चालतच नाही.

वेगाच्या आकड्याचीही तीच गत. जाहिरातीतील ‘सेकंदाला ३२० फूट’ हा वेग ३० इंचांची ओढ, ७० पौंडांचा ताण आणि ३५० ग्रेनचा हलका बाण धरून मोजलेला असतो. ओढ एक इंचाने कमी झाली की वेग सुमारे दहा फुटांनी उतरतो, हा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे. ताण कमी केला की तो आणखी उतरतो. पाच फूट तीन इंच उंचीच्या मुलीचे दोन्ही हात पसरले असता टोकापासून टोकापर्यंतचे अंतर सुमारे ६३ इंच भरते. त्याला अडीचने भागले की तिची ओढ मिळते : सव्वापंचवीस इंच. शिकारीची म्हणून विकली जाणारी बरीच धनुष्ये २६ किंवा २७ इंचांपासूनच सुरू होतात. ती तिच्यासाठी केलेलीच नाहीत. असे धनुष्य स्वस्तात मिळाले म्हणून घेतले, तर ती मान पुढे काढून, खांदा उचलून ते ओढू पाहते. सहा महिन्यांत खांदा दुखू लागतो आणि घरचे म्हणतात, ‘हिला जमत नाही.’ प्रत्यक्षात न जमणारी गोष्ट धनुष्याची असते, मुलीची नव्हे. हे ठणकावून सांगणारे कोणी जवळ नसते, आणि कर्जाचे हप्ते तर चालूच राहतात.

येथे शिकारीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण काही तरुणांच्या मनात ते आकर्षण आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या नवव्या कलमाने शिकारीस मनाई आहे. कायद्याच्या व्याख्येत मारणे, पकडणे, फास लावणे, हाका घालणे इतकेच नव्हे तर त्याचा प्रयत्नही शिकारीतच मोडतो. गुन्ह्यात वापरलेले शस्त्र, सापळा, वाहन सरकारजमा होते. रानडुकरे ऊस आणि भुईमूग उद्ध्वस्त करतात, सागरेश्वरातील सांबरे-चितळे पिकांत शिरतात, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. तथापि तिचे उत्तर अकराव्या कलमाखालील अधिकृत परवानगीत आणि भरपाईत शोधायचे आहे. हौशी तरुणाच्या आयात धनुष्यात ते नाही. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. सागरेश्वरचे अभयारण्य तर धों. म. मोहिते यांच्यासारख्या माणसाने बोडक्या डोंगरावर झाडे लावून उभे केले. अशा प्रदेशात ‘शिकारीसाठी कोणते धनुष्य परवडेल’ या प्रश्नाचे उत्तर ‘कोणतेही नाही’ असेच आहे.

एका विसंगतीची मात्र नोंद घ्यावीशी वाटते. पारध हे ज्यांच्या नावातच आहे, त्या पारध्यांवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून जो शिक्का बसला तो १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावरही समाजाच्या मनातून पुसला गेला नाही. त्यांच्या हातातील फास संशयास्पद ठरतो. त्याच वेळी महागडे शिकारी धनुष्य मिरवणारा सुखवस्तू तरुण मात्र ‘साहसी’ ठरतो. कायदा दोघांना सारखाच आहे. नजर सारखी नाही. भटक्या-विमुक्तांची आत्मकथने अभ्यासक्रमात वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना हा फरक दिसला नाही, तर त्या वाचनाचा उपयोग काय?

शिकारीची हौस आणि तिच्यापलीकडे जाणे, या दोन्हींचे उदाहरण आपल्याच भूमीत आहे. माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर बंदूक घेऊन रानोमाळ हिंडलेले. पण ‘नागझिरा’ लिहिणारा आणि ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांचे जीवन मांडणारा लेखक रानात थांबतो तो पाहण्यासाठी. शिकाऱ्याने कमावलेले थांबणे, श्वास आवरणे, वारा ओळखणे हे सारे त्यांच्या लेखनात टिकले. मारणे गळून पडले. कंपाऊंड धनुष्याचा साताऱ्यापर्यंतचा प्रवासही काहीसा असाच आहे. मिसूरीतील शिकाऱ्याची युक्ती येथे येऊन कागदी लक्ष्यावर स्थिरावली. त्या युक्तीतील थांबण्याची सोय आपण ठेवली आणि हरीण वगळले.

या थांबण्यात आम्हांला धनुष्य निवडण्याची खरी कसोटीही दिसते. कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा आरंभ आठवावा. दुष्यंत हरणाच्या मागे रथ घालून येतो, बाण जोडतो. तपस्वी आडवे येऊन सांगतात की हे आश्रमाचे हरीण आहे, आणि राजा बाण उतरवतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून मराठी रसिकाला हा प्रसंग परिचित आहे. आपण तो राजाच्या विनयाचा म्हणून शिकवतो. धनुर्विद्या शिकवणारा त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहील : ज्याला ओढलेली दोरी सावकाश परत नेता येते, त्याचेच धनुष्य त्याच्या हातचे आहे. कंपाऊंड धनुष्याबाबत हे अक्षरशः खरे आहे. पूर्ण ओढ झाल्यावर भार हलका वाटतो. परंतु बाण न सोडता दोरी परत नेऊ लागले की तो सारा भार एका क्षणात परत येतो आणि ताण झेपण्यापलीकडचा असेल तर हात पुढे हिसडला जातो. बाण न लावता दोरी सोडून दिली, तर सारी शक्ती धनुष्यातच फिरून त्याचे भाग तुटतात, इजाही होते. म्हणून मैदानावरची साधी परीक्षा अशी : खुर्चीवर बसून, धनुष्य आकाशाकडे न उचलता, दोरी सरळ मागे ओढता यावी, ती थोडा वेळ धरता यावी, आणि तितक्याच शांतपणे परत नेता यावी. हे ज्या ताणावर जमत नाही तो ताण आपला नव्हे, मग धनुष्य कितीही स्वस्त असो.

आता पैशांचा हिशेब. परवडणे म्हणजे दुकानातील किंमत परवडणे, असा समज आहे. धनुष्याच्या बाबतीत तो महागात पडतो. धनुष्य ही खर्चाची सुरुवात असते. दृष्टिवेधासाठी साइट आणि भिंग, दोरीतील बारीक छिद्राचा पीप, दोरी सोडण्यासाठी हातात धरायचे रिलीज, तोल राखणारे स्टॅबिलायझर ही सारी वेगळी खरेदी. बाण ओढीच्या आणि ताणाच्या मापानेच घ्यावे लागतात; फार ताठ किंवा फार लवचीक बाण सरळ जात नाही. ताणाच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचे वजन किमान पाच ग्रेन असावे, हा सामान्य दंडक आहे. त्याहून हलका बाण लावणे म्हणजे जवळपास रिकामी दोरी सोडणेच. बाण मोडतात, गवतात हरवतात. दोऱ्या झिजतात, बदलाव्या लागतात. स्पर्धेच्या दर्जाचा पूर्ण संच आपल्याकडे काही लाखांत जातो, कारण तो आयात होतो आणि डॉलरचा भाव, वाहतूक व कर त्यावर चढतात.

म्हणून पालकांना आम्ही सांगतो ते असे. पहिले वर्ष धनुष्य घेऊच नका. मैदानावरच्या धनुष्यावर शिकू द्या. त्या काळात मुलाची ओढ आणि झेपणारा ताण प्रशिक्षकाकडून मोजून घ्या. नंतर घ्यायचेच तर ज्याची ओढ आणि ताण मोठ्या पल्ल्यात बदलता येतात असे नवशिक्यांचे धनुष्य पाहा. अमेरिकेच्या बाजारात ती चारशे-पाचशे डॉलरांच्या घरात मिळतात. ओढ बदलण्यासाठी कॅममधील लहान भाग साध्या पान्याने सरकवता येतो की दर वेळी ‘बो प्रेस’ नावाचे यंत्र लागते, हे आधी विचारा, कारण ते यंत्र प्रत्येक गावी नसते. जुने धनुष्य घेणार असाल तर दोरीचे तंतू उसवलेत का, वरखालच्या पात्यांना चिरा आहेत का, हे जाणत्याला दाखवा. आणि एकूण रकमेचा मोठा हिस्सा बाण, दोऱ्या आणि प्रवास यांसाठी बाजूला ठेवून उरलेल्यात धनुष्य बसवा. ज्याच्यासोबत वर्षभराचा सराव परवडतो, तेच परवडणारे धनुष्य.

यावर एक आक्षेप आम्ही ऐकला आहे : बांबूचे देशी धनुष्य काही हजारांत मिळते, ‘इंडियन राउंड’च्या स्पर्धाही होतात, मग गरिबाच्या मुलाने त्यावरच का शिकू नये? अवश्य शिकावे, अनेकांची सुरुवात तेथूनच होते. पण त्या प्रकाराला देशाबाहेर स्पर्धा नाही. ‘तुझ्यासाठी बांबूचे’ असे सांगणे म्हणजे तिची वाट कोठपर्यंत जाईल हे आधीच ठरवणे. एकलव्याच्या कथेचे आपण जे वाचन करत आलो, त्यात अंगठा आणि गुरुदक्षिणा यांवरच दृष्टी खिळलेली असते. एकलव्य निषादपुत्र होता. धनुष्य त्याच्या घरचे, रोजच्या जगण्यातले होते. त्याला गुरू मिळत नव्हता. आज साताऱ्यात गुरू उसाच्या फडाशेजारी भेटतो आणि धनुष्य मिळत नाही. अडवणारी गोष्ट बदलली. अडलेला माणूस बहुतेक वेळा तोच आहे.

मग उपाय काय? तो आपल्या भागाला नवा नाही. ज्याला एकट्याला पंप आणि पाइपलाइन झेपत नाही, तो शेतकरी चार जणांना घेऊन पाणीउपसा संस्था काढतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला तेव्हाही तत्त्व तेच होते : जे एका घराला परवडत नाही ते अनेक घरांनी मिळून उभे करायचे. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाने त्याला हात दिला, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत तो धनुर्विद्या शिकला आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह प्रकारात भारतासाठी उभा राहिला. त्या घराला एकट्याने हा खर्च पेलला असता, असे कोणी म्हणणार नाही. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातील महाविद्यालयांच्या जिमखान्यांनी, तीन-चार महाविद्यालयांनी मिळून का होईना, वेगवेगळ्या मापांची चार-पाच समायोज्य धनुष्ये, बाणांचे पुरेसे संच आणि एक बो प्रेस ठेवला, तर पहिल्या दोन वर्षांसाठी कोणाही पालकाला कर्ज काढावे लागणार नाही. ग्रंथालयात महागडा कोश प्रत्येकाने विकत घ्यावा असे आपण म्हणत नाही. धनुष्याला वेगळा न्याय का?

कोणी म्हणेल, कंपाऊंड धनुष्य एकाच्याच अंगमापाचे असते, ते सामाईक कसे ठेवणार? स्पर्धेच्या पातळीवर हा आक्षेप खरा आहे. तेथे स्वतःचे धनुष्य लागतेच. पण त्या पातळीपर्यंत कोण पोहोचेल हे कळण्यासाठीच आधीची दोन वर्षे असतात. आज त्या दोन वर्षांचा जुगार पालक स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीवर खेळतात. तो भार संस्थेने उचलावा, एवढेच मागणे आहे. ज्यांची चमक दिसेल त्यांच्यासाठी पुढे शिष्यवृत्ती, शासकीय मदत, दाते यांचे मार्ग शोधता येतात. चमक दिसण्याआधी मात्र कोणी पैसे देत नाही.

आणि मराठीच्या अध्यापकांनी यात का पडावे? एक तर, पालक आमच्याकडे येतात. दुसरे म्हणजे, ही सारी विद्या मुलांना आपल्या भाषेत मिळत नाही. मैदानावरची मुले ‘पौंड’, ‘ड्रॉ’, ‘लेट-ऑफ’, ‘कॅम’ असे शब्द सहज वापरतात. त्यांच्यावर नवी संस्कृत नावे लादावीत असे आम्हांला वाटत नाही. शब्द राहोत, त्यांचा अर्थ मराठीत उलगडून सांगणारी दहा पाने हवीत. वर्तुळाच्या जीवेला ‘जीवा’ म्हणताना शाळेतल्या मुलाला ती धनुष्याची दोरी आहे हे कोणी सांगत नाही. संस्कृतात त्याच दोरीला ‘गुण’ही म्हणतात, हे बी.ए.ला कळते. शब्दांतून धनुष्य आपल्या शाळेत, आपल्या काव्यशास्त्रात कधीचेच आलेले आहे. आता त्याची मापे, नियम, धोके आणि किंमत सांगणारी साधी मराठी पुस्तिका प्रत्येक जिमखान्यात असावी. भाषाविभागाने क्रीडाविभागाबरोबर बसून ती तयार करावी. आमच्या दोन महाविद्यालयांत या कामाला आम्ही हात घातला आहे; इतरत्र कोणी करत असेल तर त्यांनी आम्हांला जोडून घ्यावे.

येत्या जूनमध्ये महाविद्यालये सुरू होतील, जिमखान्याचे अंदाजपत्रक ठरेल. त्यात चषक आणि टी-शर्ट यांच्यासाठी तरतूद असतेच. तिच्याशेजारी धनुष्यांसाठी एक ओळ असावी, असा ठराव आपापल्या क्रीडा समितीत वाचकांनी मांडावा, अशी आमची विनंती आहे.